‘भा.’पुढचं नाव

लेख लिहिणं एक वेळ सोपं, पण तो कुणाच्या हाती द्यायचा हे ठरवणं अवघड. ललित लेख असला की फार विचार करावा लागत नाही. मासिकाला पाठवला, आवडला तर छापतात, नाही तर साभार परत. आपलं काही बिघडत नाही. या वेळी मात्र माझ्याकडे ललित काही नव्हतं. चाळीसेक प्रतिमालेख होते. सहा वर्षं घराघरांतल्या चैत्यालयांतून आणि लहान मंदिरांतून उतरवून घेतलेले. ते कथा-कवितांच्या शेजारी छापून चालणार नव्हतं, इतिहासाच्या नियतकालिकाकडेच द्यायला हवं होतं. आणि ते नियतकालिक कसं निवडायचं, हे मला पन्नाशी उलटल्यावर शिकावं लागलं. ते इथे लिहून ठेवते, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणी आता घराण्याचा, गावाचा, मंदिराचा इतिहास लिहू लागल्या आहेत.

आधी हे लेख कसले, ते सांगते. आपल्या धातूच्या मूर्ती रोज प्रक्षाल करताना समोरून दिसतात. पाठीमागे किंवा बैठकीवर बारीक अक्षरं कोरलेली असतात, तिकडे सहसा कुणी पाहत नाही. त्यांचा साचा ठरलेला. आधी संवत, महिना, तिथी. मग मूलसंघ, सरस्वतीगच्छ, बलात्कारगण. मग ज्यांच्या उपदेशाने प्रतिष्ठा झाली त्या भट्टारकांचं नाव. त्यानंतर मूर्ती करवणाऱ्या श्रावकाची ज्ञाती आणि नाव. आणि त्यानंतर ‘भा.’ असं एक अक्षर. भा. म्हणजे भार्या. तिच्यापुढे तिचं नाव, मग मुलांची नावं, मुलांच्या बायकांची नावं, आणि शेवटी हे सगळे नित्य प्रणाम करतात असं एक वाक्य.

माझं माहेर सोलापूरचं, सासरचे मूळचे फलटणचे, दोन्हीकडचे हुमड. आजेसासरे नोकरीसाठी वडोदऱ्याला आले ते इथलेच झाले. आम्ही हुमड मूळ ईडर-वागडकडचे आणि पुढे दक्षिणेत सोलापूर-फलटण-बारामतीला गेलेलो, हे लहानपणापासून ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं, आणि घरातल्या चार बोटांच्या पार्श्वनाथाच्या पाठीवर ‘हुंबड ज्ञातीय’ असं वाचणं वेगळं. सासूबाईंनीच पहिल्यांदा ती मूर्ती उलटी करून दाखवली होती. काही घरांत आणि मंदिरांत बायकांनी मूर्तीला हात लावायचा नाही अशी रीत आहे. तिथे मी बाजूला बसते, घरातला मुलगा किंवा पुजारी मूर्ती धरतो, मी टॉर्च तिरपा धरून वाचते आणि वहीत उतरवते. तिरप्या उजेडात अक्षरं उठून दिसतात.

हे काम घाईचं आहे. पिढ्यान्‌पिढ्या चिंच-रांगोळीने घासून मूर्ती लखलखीत होतात आणि अक्षरं झिजतात. शिवाय घरं बंद होत चालली आहेत. मुलं अमेरिकेत, म्हातारी माणसं फ्लॅटमध्ये. मूर्ती कुठल्यातरी मोठ्या मंदिरात नेऊन विराजमान करतात. तिथे ती शंभरांतली एक होते आणि कुठल्या घरातून आली हे दहा वर्षांनी कुणाला सांगता येत नाही. म्हणजे उद्या त्या लेखाचा एकुलता एक पुरावा राहणार, तो मी उतरवलेला पाठ. तो चुकीचा छापला, अर्धाच छापला, किंवा कुणाला सापडणार नाही अशा ठिकाणी छापला, तर ती बाई दुसऱ्यांदा मेली.

माझी पुतणी पुण्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. तिला माझी वही ठाऊक होती. एक दिवस तिने एका नियतकालिकाची जाहिरात पाठवली. नावात ‘आंतरराष्ट्रीय’, ‘बहुविद्याशाखीय’ असे दोन भारदस्त शब्द. आठ दिवसांत प्रकाशन, सोबत प्रमाणपत्र, आयएसएसएन क्रमांक आहे, इम्पॅक्ट फॅक्टर आहे.

‘‘काकू, इथे देऊन टाका. माझंही नाव दुसरं घाला, मला मुलाखतीत उपयोग होईल. पैसे मी भरते.’’

मी संपादक मंडळाची यादी पाहिली. वीस-बावीस नावं, त्यांत वाणिज्यचे, रसायनशास्त्राचे, शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक. इतिहासाचा एक. जुना अंक उघडला तर त्यात मधमाश्यांवर लेख, बँकांच्या विलीनीकरणावर लेख आणि मधेच शिवकालीन किल्ल्यांवर तीन पानं. त्या तीन पानांना एकही आधार दिलेला नव्हता.

‘‘अगं, आठ दिवसांत माझा लेख वाचणार कोण?’’ मी विचारलं.

‘‘वाचत नाहीत हो कुणी. छापतात.’’

पोरीने खरं तेच सांगितलं. तिला मी दोष देत नाही. ज्यांची नोकरी दर वर्षी नव्याने टांगणीला लागते, त्यांना छापील कागदांची संख्या दाखवावी लागते. या गरजेवरच हा धंदा उभा राहिला. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी काढली, तर तिच्यातही असली नियतकालिकं शिरली. मे २०१८ मध्ये आयोगाने एका दमात ४,३०५ नावं त्या यादीतून काढली. मग केअर नावाची नवी यादी आली, तिचं काम पुण्याच्या विद्यापीठात चालायचं. २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने तीही बंद केल्याचं जाहीर केलं आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर व अभ्यासकांवर टाकली. म्हणजे फिरून आपल्यावरच. आणि आयएसएसएनचं म्हणाल, तर तो नुसता ओळखक्रमांक. रेशनकार्डावर नंबर असतो, म्हणून घरात धान्य आहे असं होत नाही. तसंच हे.

परीक्षा करणं आपल्याला परकं नाही. पाठशाळेत सम्यग्दर्शनाची आठ अंगं पाठ केली होती, त्यांतलं एक अमूढदृष्टी. सगळे करतात म्हणून करणं ही लोकमूढता, असं शिकवलं जायचं. समंतभद्रांनी तर आप्तमीमांसेत प्रत्यक्ष आप्तालाच परीक्षेला बसवलं. आणि अलीकडच्या काळात पंडित जुगलकिशोर मुख्तार यांनी ‘ग्रंथपरीक्षा’ लिहिली. मोठमोठ्या आचार्यांच्या नावावर खपवलेले श्रावकाचाराचे काही ग्रंथ त्यांचे नाहीतच, हे त्यांनी वाक्याला वाक्य ताडून दाखवलं. समाजात गदारोळ झाला. त्याच मुख्तारांनी १९२९ साली ‘अनेकांत’ हे पत्र सुरू केलं. ज्या समाजात पूज्य ग्रंथाचीही परीक्षा झाली, त्या समाजातल्या बाईने एखाद्या नियतकालिकाची करायला काय हरकत आहे?

चांगलं नियतकालिक कसं असतं हे कळायला मी आधी जुनी पाहिली. पुण्याला धाकट्या बहिणीकडे गेले होते, तेव्हा सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात चार दिवस बसले. इतिहासाचार्य राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापलेली ही संस्था. तिथे पाक्षिक सभा भरायच्या, कुणी निबंध वाचायचा, बाकीचे त्यावर तुटून पडायचे, आणि मग तो वृत्तात किंवा त्रैमासिकात यायचा. परीक्षण म्हणजे काय, हे नाव न घेता ती माणसं करत होती.

एका उदाहरणाने मला फार बळ आलं. शिवाजी महाराजांची जन्मतारीख आपण आज १९ फेब्रुवारी १६३० मानतो. तिचा एक मोठा आधार म्हणजे जेधे शकावली. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली ही साधी टिपणं, कुठल्या शकात काय घडलं याची. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली मंडळाच्या संमेलनवृत्तात छापली. तोवर १६२७ हे साल चालत होतं. शकावली छापल्याबरोबर सगळ्यांनी मान डोलावली असं नाही. कित्येक वर्षं वाद झाले, उलटसुलट पुरावे आले, राजस्थानातली जन्मपत्रिका सापडली, आणि पुढे शासनानेही ती तारीख स्वीकारली. मला यातलं महत्त्वाचं वाटलं ते हे, की घरगुती कागद जसाच्या तसा छापला होता. म्हणून दुसऱ्यांना तो तपासता आला, त्यावर भांडता आलं. टिळकांनी नुसतं ‘जेध्यांकडच्या कागदानुसार जन्म १६३० चा’ एवढंच एक वाक्य लिहिलं असतं, तर त्याला कुणी विचारलं असतं?

इथून मला माझी कसोटी सापडली. नियतकालिक हाती आलं की मी मुखपृष्ठ पाहत नाही. मूळ लेख पूर्ण छापतात की त्याचा सारांश देतात, हे पाहते. पूर्ण छापत असतील तर तुटलेल्या अक्षरांच्या जागी टिंबं आहेत का, शंका असलेलं अक्षर कंसात टाकलंय का, सोबत फोटो आहे का. कारण सारांश करायला घेतला की सगळ्यांत आधी काय गळतं, ते मी पुन्हापुन्हा पाहिलंय. ‘अमुक संवतात तमुक भट्टारकांच्या उपदेशाने हुमड ज्ञातीच्या श्रावकाने मूर्ती केली.’ झालं! संवत राहिला, भट्टारक राहिले, श्रावक राहिला. ‘भा.’ आणि तिच्यापुढचं नाव गेलं. सारांश करणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याला ते नाव कामाचं वाटत नाही, इतकंच.

ते कामाचं कसं असतं, हे पाहायचं असेल तर आमच्या वडोदऱ्यातच या. १९५१च्या सुमारास अकोट्यात जमिनीखालून जैन धातुमूर्तींचा मोठा साठा निघाला. डॉ. उमाकांत शहा यांनी त्यांचा अभ्यास केला. जीवंतस्वामींच्या, म्हणजे दीक्षेआधीच्या राजपुत्र महावीरांच्या मूर्तीवरचा त्यांचा लेख इथल्याच ओरिएंटल इन्स्टिट्यूटच्या जर्नलच्या पहिल्या खंडात आला, आणि १९५९ मध्ये सगळ्या मूर्तींवर पुस्तक निघालं. जीवंतस्वामींच्या एका मूर्तीच्या बैठकीवर लेख आहे. सहाव्या शतकातली ती मूर्ती. ती दान दिली चंद्रकुलातल्या नागीश्वरी नावाच्या श्राविकेने. नवऱ्याचं नाव नाही, मुलाचं नाही, एकटी नागीश्वरी. तिचं घर कुठलं, दागिने विकून मूर्ती केली की आणखी कशी, काही माहीत नाही. पण डॉ. शहांनी बैठकीवरचं अक्षर न् अक्षर वाचून छापलं म्हणून आज चौदाशे वर्षांनी मी, याच गावातली एक बाई, तिला नावाने ओळखते. अकोट्याच्या पुलावरून रिक्षा जाते तेव्हा हटकून तिची आठवण होते.

आणखी एक कसोटी कालगणनेची. संवत १५४८, वैशाख सुदी तीज, जीवराज पापडीवाल: हा लेख असलेल्या मूर्ती देशभरातल्या दिगंबर मंदिरांत इतक्या आहेत, की तुमच्याही मंदिरात एखादी असेल. आता हे इंग्रजी साल कोणतं? उत्तरेत संवत चैत्रात बदलतो, तसा धरला तर १४९१. गुजरातेत तो कार्तिकात, दिवाळीनंतर बदलतो. तसा धरला तर तोच वैशाख १४९२ चा होतो. आणि आमच्या सोलापूरकडे शक चालतो, तो आणखी वेगळा. जिथे तीन गणना एकमेकींत मिसळतात तिथल्या लेखावर संपादकाने ‘आपण कोणता संवत धरला?’ असं विचारलंच पाहिजे. ज्या नियतकालिकात सगळ्या संवतांतून डोळे मिटून सत्तावन्न वजा केलेले दिसले, ते मी बाजूला ठेवलं.

तिसरी गोष्ट, शुद्धिपत्र. ज्या नियतकालिकाच्या दहा वर्षांच्या अंकांत एकही दुरुस्ती नाही, एकही प्रतिवादाचं पत्र नाही, तिथे एक तर सगळे सर्वज्ञ आहेत किंवा कुणी वाचतच नाही. मंडळाच्या जुन्या अंकांत पान पान खंडनं आहेत. ती वाचताना आधी दडपण येतं, मग विश्वास वाटतो.

चौथी गोष्ट पत्त्यांची, आणि ही आपल्या समाजात सगळ्यांत नाजूक. ज्यांनी देव उघडून दाखवला त्यांच्या घराचा पत्ता छापला, तर तो चोरालाही छापून दिल्यासारखा. धातूच्या जुन्या मूर्तींना बाजार आहे. मी प्रत्येक घरी सांगितलं होतं, गावाचं नाव येईल, घराचं येणार नाही. तेव्हा मी संपादकांना सरळ विचारते: संपूर्ण पत्ता तुमच्या दप्तरी ठेवाल, पण छापणार नाही, हे चालेल का? पडताळायला खऱ्या अभ्यासकाला मिळावा, रस्त्यावर मिळू नये. या प्रश्नाला कोण काय उत्तर देतं, त्यावरून माणसं कळतात. एकाने लिहिलं, ‘पत्ता हवाच, त्याशिवाय विश्वासार्हता नाही.’ एकाने लिहिलं, ‘पत्त्याची गरज नाही, मूर्तीचीही नाही, लेख पुरे.’ दोन्हीकडे मी नमस्कार केला.

पैशांबद्दल मात्र घाईने बोलू नये. पैसे मागितले म्हणजे फसवणूकच, असं नाही. वाचकांना फुकट वाचता यावं म्हणून लेखकाकडून शुल्क घेणारी नावाजलेली नियतकालिकंही जगात आहेत. पण ती आकडा आधी सांगतात आणि शुल्क भरायची तयारी असली तरी लेख नापसंत करू शकतात. आपल्याकडच्या जुन्या त्रैमासिकांची बिचाऱ्यांची वर्गणी असते, तीही वेळेवर येत नाही. अंक उशिरा निघतो, कागद साधा असतो. साध्या कागदाला नाकं मुरडू नयेत. तो अंक कुठल्या ग्रंथालयांत बांधून ठेवला जातो, वर्षाअखेर सूची निघते का, हे विचारावं. पन्नास वर्षांनी माझी नात शोधायला निघाली तर तिला तो मिळेल का, एवढंच मी पाहिलं. आठ दिवसांत निघालेल्या त्या चकचकीत नियतकालिकाचं तेव्हा नावही राहिलेलं नसेल.

घाईचं काय, तर पाटणच्या जैन भांडारांचं पाहा. सयाजीराव महाराजांच्या राज्यात चिमणलाल दलालांनी ती भांडारं उघडून ताडपत्रं तपासली. १९१८ साली ते गेले, काम अर्धं राहिलं. पंडित लालचंद्र गांधी यांनी ते पुरं केलं आणि सूची गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये छापून आली १९३७ साली. एकोणीस वर्षं. आजही अभ्यासक तिच्यावाचून पाटणचं पान हलवत नाहीत.

सरतेशेवटी मी लेख दिला तो महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावाहून निघणाऱ्या लहानशा त्रैमासिकाला. अडीच महिने काही उत्तर नाही. मग चार पानी पत्र आलं. परीक्षकाचं नाव नव्हतं, पण अक्षर न् अक्षर वाचल्याचं दिसत होतं. अकरा प्रश्न. संवत कोणता धरला, तो प्रश्न होताच. एका भट्टारकांचं नाव ईडरच्या परंपरेत बसतं की सुरतेच्या, हे डॉ. जोहरापूरकरांच्या ‘भट्टारक संप्रदाय’शी ताडून सांगा, असं होतं. आणि नववा प्रश्न: ‘लेख क्र. २३, भा. पुढील नाव रूपी की रूपाई? शेवटच्या अक्षराचा फोटो पाठवावा.’

तो नववा प्रश्न वाचून मला जे वाटलं ते सांगणं कठीण आहे. पाचशे वर्षांपूर्वीच्या एका बाईचं नाव नीट लागावं म्हणून कुणीतरी अनोळखी माणूस अडून बसला होता.

पुतणीला फोन करून सांगितलं. ती काही महिने माझ्यावर घुश्शात होती, अजूनही पुरती निवळलेली नाही. तिचंही बरोबर आहे; माझ्या लेखाला उशीर झाला तर माझं काही अडत नाही, तिचं अडतं. मी म्हटलं, ‘‘नाव दुसरं घालायचं तर काम पहिलं कर. दिवाळीत ये, क्रमांक तेवीसचं घर भरुचकडे आहे, दोघी जाऊ.’’ ती जरा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘‘काकू, टॉर्च चांगला घ्या पण. तुमचा तो जुना मिणमिणतो.’’

नवा टॉर्च आणलाय. रूपी की रूपाई, ते पाहायचं आहे.